खोट गादीत न्हवती

...न्हाई, न्हाई, बसूनच बोलतो! आडवं व्हायला बंदी हाय मला. भर दुपारी समदी मुळशी डुलकी काढतीया, आन् ह्यो कुशाबा हितं ओट्यावर खांबावानी ताठ! का? तर पोटातलं वर येतं! पोटातलं! आन् तुमाला सांगतो, मी बोल लावला कुनाला? गादीला!

गादी भरली फकरुद्दीननं. पौडला दुकान हाय त्याचं, चड्डीत हुतो तवापासनची दोस्ती. आमच्याकडची रीत अशी, कापूस पिंजताना गिऱ्हाइकानं म्होरं बसायचं. मंग आपला कापूस आपल्याच गादीत जातो. मीबी बसलो की! पर शेजारच्या कढईत कांदाभजी पडली... वास आला... मानूस हाय का दगूड? उठलो. दोन प्लेटी हानल्या, वर तळल्याली मिरची. येतोय तर गादी शिवून तयार!

आधी मी जेवून खुर्चीत पेंगायचो. आता अशी लोन्यावानी गादी आल्यावर खुर्चीत कोन मरतंय? जेवलो की पसरलो. आन् पसरलो की छातीत सूं... सूं... सूं! दमा जुनाच, पंप खिशातच असतो, पर ह्यो रोजचा ताल! सगुणा, आमची बायकू, म्हनती, "अवो, आधी हादडायचं कमी करा!" म्हनलं, "तू गप! मी भजी खायला गेलो तेवढ्यात त्यानं जुना कापूस कोंबला. त्याची धूळ हाय ही!"

बोल कुनाला? गादीला!

तशीच गादी उचलली, टेम्पोत घातली, आन् भर बाजारात फकरुद्दीनच्या दारात इळ्यानं टराटरा फाडली! कापूस उडाला... पांढराशुभ्र... कोरा... लोकांच्या टोप्यांवर, चहात... तरी माझं तोंड थांबतंय व्हय? "वरवर नवा, आत जुना! लबाड हाईस!" फकरुद्दीन आपला वाकून कापूस येचत राहिला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं... लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आमच्या गावचा हैबतराव आलावता, त्यो तसाच माघारी फिरला.

म्होरं भूगावच्या डाक्टरीनबाईकडं गेलो. पोरगी हाय, पर दरडावती!

"आजोबा, जेवल्यावर काय करता?"

"पडतो."

"लगेच?"

"न्हाई, हात धुतो की!"

तिनं कपाळाला हात लावला. म्हनली, "भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर घशाशी येतं, श्वासाची नळी चिडते, आवळते. दमा तुमचा आहेच, पण त्याला उठवतंय तुमचं पोट. तळलेलं कमी करा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, आणि पंप सोडायचा नाही!"

म्हंजी गादी चोख. दोस्त चोख. खोट माझ्या पोटात! आन् बोल कुनाला? गादीला! तवापासनं त्या गादीकडं बघवत न्हवतं. फाटकी तशीच घरी आनून टाकल्याली, जशी माझ्याकडंच बघत हुती.

आज सकाळी हैबतरावाला धरला, ओढतच पौडला नेला, आन् त्याच बाजारात, तितंच हुबा राहून वरडलो, "ऐका रं! कापूस कोरा हुता! लबाड मी हाय, ह्यो न्हाई!" बोलताना दम लागला, डोळ्यात पानी आलं... दम्याचं वो, दम्याचं!

फकरुद्दीन म्हनला, "येड्या, गादी आन, टाका मारतो. पर आता म्होरं बस, न्हाईतर परत भजी खायला पळशील!" हैबतरावानं तितंच गाद्या सांगितल्या. मी गादी आनली, म्होरं बसलो. उठलो न्हाई! तर फकरुद्दीनची बायकू सायरा स्वतः आली, हातात थाळा... भजी! गरम! "भावजी, मनात काय नसंल तर खावा."

आता तुमीच सांगा! भर बाजारात ज्यांच्या हातची गादी फाडली, त्यांची भजी परत सारू? कुटल्या तोंडानं? खाल्ली! रडत रडत खाल्ली, समदी खाल्ली!

म्हनून बसलोय तुमाला धरून. बोल लावायला आता गादीबी उरली न्हाई. आन् आतनं आवाज येतोय न्हवं, घुर्र घुर्र? ती सगुणा हाय. गादी लई झ्याक झालीया म्हनं!