पहिल्याच चालीत दोन प्यादी

हसायचं नाही, आधीच सांगते. नंदुरबारच्या बुद्धिबळ स्पर्धेतला माझा पहिलाच डाव. समोर म्हसावदचे एक मिशीवाले काका. मोबाइलवर महिनाभर घोटलेली ओपनिंग भीतीने डोक्यातून साफ उडाली. मग बाबांशी ओट्यावर खेळताना करायची तेच मी केलं. पहिल्याच चालीत दोन प्यादी एकेक घर पुढे ढकलली आणि घड्याळ दाबलं!

मग लक्षात आलं. घरी चालतं ते, स्पर्धेत नाही. काकांनी हात वर केला की पंच येणार, सगळा हॉल माझ्याकडे बघणार.

काकांनी पटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "कोनतं गाव शे तुन्हं, पोरी?"

"कोरीट."

त्यांनी मान डोलावली, आपलीही दोन प्यादी सरकवली आणि घड्याळ दाबलं. तेवढ्यात पंच आमच्याच टेबलाशी येऊन थांबले.

"सुरू झालं ना? किती चाली झाल्या?"

"दोन-दोन व्हयन्यात, साहेब," काका म्हणाले.

पट अगदी तसाच दिसत होता. पंच पुढे गेले.

काका माझ्याकडे वाकले. "आते मातर एक-एकच, बेटा."