खंजिरीचं नाव

दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे मुकुंदला कळत होतं, पण वाडीच्या बसथांब्यावर कान काही मालकाचं ऐकत नाहीत. रांगेत त्याच्या पुढे खांद्याला खंजिरी अडकवलेला एक तरुण होता. त्याच्या पुढच्या मावशी मागे वळून त्या खंजिरीकडेच बघत होत्या.

“बँडमध्ये वाजवतं का गा बाबू?”

“हो, मावशी. गाणे आपलेच, जात्यावरचे, पण गिटार-ड्रमवर.”

“कितीजण आहा?”

“आज पाच. कोणाले नोकरी लागते, कोणाचं लग्न होते, तो जाते अन् नवा येते. सुरुवातीचं कोणीच नाही राहिलं आता.”

“मंग बँड तोच कसा?”

“जाणारा आपलं वाजवणं नव्याले शिकवून जाते. अन् वाद्याले नाव पहिल्या वाजवणाऱ्याचंच राहते. ही खंजिरी म्हणजे प्रशिक. स्टेजवर जायच्या आधी सारे वरडतात, ‘प्रशिक आला का?’ खंजिरीवाल्यानं ‘आलो’ म्हणाचं.”

“दरवेळी?”

“त्याच्याबिगर पहिला ठोकाच पडत नाही. खऱ्या प्रशिकले मी पाह्यलं नाही. कार्यक्रमाहून येताना गेला म्हणतात, हायवेवर.”

“हो. मी घरी वाट पाहून राहिली होती.”

मुकुंदनं खिशात वाजणारा फोन तसाच दाबून बंद केला. बस आली, दार उघडलं, तरी रांग जागची हलली नाही.

“बाबू, एकदा मी आवाज देऊ का?”

“द्या ना, मावशी.”

“प्रशिक, आला का गा?”

खंजिरीवर थाप पडली.

“आलो, माय.”