वायसर वाजला तर लागला

नेमबाजीचं काढलंत म्हणून सांगतो राव, नाहीतर हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

माझा दोस्त दत्ता चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे, अठरा वर्षं त्याच मशिनींच्या धडधडीत. गुरुवारची सुट्टी आली की आम्ही दोघं चऱ्होलीत त्याच्या रानात छऱ्याची बंदूक घेऊन जायचो. बाभळीला तळहाताएवढा एक रिजेक्ट वायसर, म्हणजे मधे भोक असलेली लोखंडी चकती, टांगलेला. नियम एकच, जवळ जाऊन बघायचं नाही. टण्णकन वाजला तर लागला, नाही वाजला तर हुकला. तेवढ्यावर आमची अख्खी सकाळ मजेत जायची.

परवाच्या गुरुवारी दत्तानं पहिला छर्रा मारला. टण्ण!

"हुकला," तो म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं दुसरा मारला. टण्ण!

"आयला, ह्योबी हुकला." तिसऱ्यालाही तेच. तोंड पार उतरलेलं.

"अरे, वाजतोय की दर वेळी!" मी मागून ओरडलो. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. शेवटी मी त्याच्या खांद्याला धरलं आणि झाडाकडं बोट केलं. वायसर अजून झोके घेत होता.

दत्तानं तिकडं बघितलं. मग बंदूक खाली ठेवून म्हणाला, "वाऱ्यानं हालत आसंल."

बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"व्हय, वारं लई हाय आज," मी म्हणालो.

तेसुद्धा मला दोनदा सांगावं लागलं.