अडगळीच्या खोलीची खिडकी

ताई : हळू बोल. बाबांची वाचा गेलीय, कान नाही गेले.

भाऊ : मग त्यांच्या उशाशी असले आरोप कशाला करतेस? तुला अडगळीच्या खोलीत कोंडायचे म्हणे! मी याच घरात वाढलोय, ताई. मला कसं आठवत नाही?

ताई : तू एवढासा होतास. आईला ठाऊक होतं, ती गेली. उरलो मी आणि ते.

भाऊ : मग खरं-खोटं ठरवायचं कुणी?

ताई : हेच तू परवा रेडिओवर म्हणालास. त्यांची चादर बदलताना ऐकलं मी. खूण उरली नाही, तर ते घडलंच असं म्हणता येत नाही.

भाऊ : अगं, ते कणांबद्दल होतं! क्वांटमचा अर्थ लावणारे आपसातच भांडतात. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेनं आला याची कुठेच खूण नसेल, तर काही म्हणतात, वाट ठरलेलीच नव्हती. काही म्हणतात, वाट एकच होती, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. आणि काहींच्या मते भूतकाळ ज्याचा त्याचा. खूण ज्याच्यापर्यंत पोचली, त्याच्यापुरता खरा.

ताई : ज्याच्यापर्यंत पोचलीच नाही?

भाऊ : त्याच्यापुरतं अजून ठरलेलं नाही.

ताई : म्हणजे तू सुटलास. मी मात्र अजून आतून दार बडवतेय.

भाऊ : तसं नाही गं. मूल म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. ते रडलं की हवा हलते, भिंती थरथरतात. इतक्या खुणा कुणालाच पुसता येत नाहीत. तिथे ‘घडलंच नाही’ असं यातलं कुणीही म्हणणार नाही.

ताई : मग तू का म्हणतोस?

भाऊ : कारण मला ते खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात फिरवायचे.

ताई : फिरवायचे. तेही घडलंय. एकदा तुझी टोपी टाकीत पडली. बाबांनी कोपरापर्यंत हात घालून काढली आणि तू त्यांचे कान धरून खिदळत होतास.

भाऊ : हो... पण तिथे आम्ही दोघंच होतो.

ताई : मी बघत होते.

भाऊ : कुठून? मागच्या बाजूला एकच तर खिडकी आहे.

ताई : एकच.

(बाबा खोकतात.)

भाऊ : बस तू. मी उठवतो त्यांना. उद्यापासून ते माझ्याकडे राहतील.

ताई : डावीकडून धर. उजवा खांदा दुखतो त्यांचा.

भाऊ : धरतो. तू जा, संध्याकाळपर्यंत फिरून ये.

ताई : कुठे?

भाऊ : कुठेही.

ताई : चपला तर घातल्या. लोक कुठे जातात रे, असं काही काम नसताना?