मालकांचा खोकला

स्क्रू हळू काढ, बाबा — मशीन जळलं तर जळू दे, त्याच्या पोटातली कॅसेट तेवढी धड निघाली पायजे. — व्हय, मीच जाळलं. दुसरं कोण जाळणार, घरात मी आन् दोन गाया. माझ्या लेकानं, दादासोनं, अमेरिकेतनं निघताना परत परत बजावलं हुतं — आई, हितली वीज बारीक, आपल्याकडची दांडगी, मधी ही डबी लावल्याबिगर पिन खोचू नको. म्या मान डोलावली. मान डोलवायला काय लागतंय? आले काटेवाडीला, डबी फडताळात जपून ठिवली आन् पिन दिली खोचून. असा धूर निघाला म्हणतोस, शेजारची आक्काबाई पाण्याची घागर घेऊन पळत आली. — हस, हस. म्याबी हसले. आमच्या घरात टेप टिकतच न्हाय. तितली चोरानं नेली, हितली म्या जाळली.

कुठल्या चोरानं म्हंजी? तितल्याच, अमेरिकेतल्या. आन् नेली तरी कशी म्हणू — म्या त्याला चहा पाजून दिली.

गेल्या साली सुनंच्या बाळंतपणाला मला नेलं. लाकडाचं घर, खाली गुबगुबीत गालिचा, आन् दुपारी रस्त्याला माणूस न्हाय, कुत्रं न्हाय. खिडकीत बसून मोटारी बघायच्या. आता मोटारी किती बघणार माणूस? — तर दादासोच्या कपाटात टेप सापडली, आन् आत एक जुनी कॅसेट. आमच्या मालकांची. मालक लिहिणारं न्हवतं. सारी जवानी मेंढरांमागं गेली, मंग पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पर अक्षर काय आलं न्हाय. म्हणून पोराला टपालानं कॅसेट धाडायची. त्यातली ती एकच राहिल्याली. मालक दादासोच्या लग्नाआधीच गेलं, सुनंनं सासरा बघितलाबी न्हाय.

तुला वाटंल, पोराला लई ग्यानाचं सांगितलं आसंल. कशाचं! निम्मी कॅसेट खोकलाच हाय. अमेरिका लांब म्हणून वरडून बोलत्यात — दादासो, वळकलंस का, मी बोलतोय — मंग खोकला. मंग माझ्यावर वसवस. चहा गार दिलास, कालवड सुटली, ती बघ शेवया खातीया, तुझं ध्यान कुठं हाय. मंग मला म्हणत्यात, तू बोल की पोराशी. मी म्हणते, मी काय बोलू? झालं माझं बोलणं. पुन्यांदा खोकला, आन् शेवटाला, आता ह्ये बंद कुठनं करायचं? खटॅक. एवढंच. लगीन झाल्यापास्नं जे ऐकत आले, तेच इमानात बसून एवढ्या लांब जाऊन रोज दुपारी ऐकायचे — आता ह्याला खुळी न्हाय तर काय म्हणायचं? नातीला, सृष्टीला, मांडीवर घ्यायचं आन् बटण दाबायचं. आज्जा खोकाया लागला की ती झोपायची. लोकांची पोरं अंगाईवर झोपत्यात, आमची शिव्यांवर.

तर त्या दिवशी सकाळी दादासो म्हणला, स्वयपाकघरातला नळ गळतोय, बघायला माणूस येईल. सून बी नुकतीच परत कामाला जाया लागल्याली. दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर उंच, गोरापान, कोवळा पोरगा, पाठीला पिशवी. कायतरी इंग्रजीत बोलला. म्या यस म्हणलं. मला तेवढंच येत हुतं. त्यालाबी वाटलं आसंल, घरधनीण सोता व्हय म्हणतीया, मंग आपुन कशाला लाजायचं? त्याला नेऊन नळ दावला. त्यानं नळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मान हलवली. मला वाटलं, कारागीर हाय, इचार करतोय. उन्हातनं आलाय म्हणून चहा टाकला — ऊन कुठलं, बाहीर बरफ पडल्यालं. तवर पोरगी रडाया लागली. आता एका हातानं चहा कसा गाळू? दिली त्याच्या मांडीवर. — व्हय, चोराच्या मांडीवर, सख्खी नात. आन् ती गप बसली की, बाबा! त्यानं चहा प्याला, चिवडा खाल्ला. तिखटानं डोळ्यात पाणी आलं तरी खात राहिला. पोटात काय न्हवतं त्याच्या, ते कळतंच आपल्याला. मंग मी पोरीला घेऊन तिचा लंगोट बदलायला आत गेले, येते तवर ह्यो पिशवी पाठीला लावून दारात. थँक्यू म्हणला. म्या दारापत्तुर सोडाया गेले, आन् परत ये म्हणून हातानं खुणा केल्या.

आत येऊन बघते, तर नळ आपला टपटप गळतोय आन् वट्यावर टेप न्हाय. सुनंची चेन गेली, कॅमेरा गेला, ते त्यांनी आल्यावर बघितलं. मला आधी ती मोकळी जागाच दिसली. कॅसेट आतच हुती.

पोलीस आले, दोघं. कसा हुता म्हणून इचारलं. म्या म्हणलं, गुणाचा हुता. दादासोनं ते त्यांना इंग्रजीत सांगितलंच न्हाय. हातात हत्यार हुतं का? हातात कप हुता, म्या म्हणलं. तर दादासो म्हणतो, आई, तू जरा गप बस. — आता मी हसतीया, पर त्या दिवशी घरात हसण्यासारखं काय न्हवतं. माझी सून दिपाली, इंदापूरच्या मास्तरांची लेक, आवाज चढवायची सवयच न्हाय तिला. तिनं पोरगी माझ्या मांडीवरनं उचलली आन् आत गेली. दुसऱ्या दिवशीपास्नं रजा काढून घरी बसली. मी हात पुढं केला की म्हणायची, राहू द्या आत्या, दमाल. दमाल म्हंजी काय, ते कळत हुतं मला. तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर सासूला येष्टीत बसवून दिली असती. तितं येष्टी न्हाय म्हणून वाचले.

दादासोनं दुसरी टेप आणली — हीच, जी तू उघडून बसलायस. म्हणला, आई, ही जास्त चांगली हाय. म्या म्हणलं, बरं. दुसरं काय म्हणू? त्याचाबी बापच गेला हुता त्यात.

आन् पोरगी झोपंना. दिसभर किरकिर, ताप न्हाय, काय न्हाय. एक दिवस संध्याकाळी दिपाली अगदी रडकुंडीला आली आन् पोरगी माझ्या मांडीवर ठिवली. म्या थोपटलं. गाणं म्हणलं — माझा गळा म्हंजी घागर घासल्यावानी, ती आणखीनच रडाया लागली. मंग कसा कुणास ठावं, तोंडातनं खोकला निघाला. मालकांचा. छातीतनं वढून काढल्याला, शेवटाला ‘हां’ म्हणून. पोरगी गप. मंग दादासो, वळकलंस का. मंग चहा, मंग कालवड, मंग शेवया. समदं पाठ, मधी दम कुठं घेत्यात त्येबी पाठ. पोरगी झोपली. वर बघते तर दिपाली दारात, तोंडावर हात धरून हसतीया. म्हणली, आत्या, मामंजी असं बोलायचे? परत करा की. मंग काय, म्या परत केलं. कुणी बघतंय म्हणल्यावर माणूस जरा चढवूनच करतंय. दादासो कामावरनं कवा आला, ठावं न्हाय. एक बूट काढल्याला, एक पायात, भिंतीला धरून उभा. मी थांबले, तर म्हणला, “आई, थांबू नको.”

मंग त्यानंच ह्या मशीनमधी कोरी कॅसेट घातली, मला खुर्चीत बसवलं, कर म्हणला. केलं. मालक झाले, मधीच मी झाले — मी काय बोलू — परत मालक झाले. सून पोरीला घेऊन खाली गालिच्यावर बसल्याली. झाल्यावर त्यानं उलटी फिरवून ऐकली. ऐकता ऐकता एका जागी बटण दाबलं.

“आई, हे आबा बोलले नव्हते.”

काय बोललं न्हवतं? म्या इचारलं. त्यानं परत लावलं. खोकला झाला, आन् मालकांच्या आवाजात येतंय — छबू, जेवलीस का?

— ते कवा शिरलं, मला काय ठावं? मुद्दाम घातलं न्हाय, तुझ्या गळ्याशपथ. आमच्यात कुणी बायकूला नावानं हाक मारतंय व्हय? ‘अगं ए’, न्हायतर ‘दादाची आई’. छबू म्हणायची ती माझी आई, माहेरी कऱ्हाटीला, तीबी गेली. एवढा संसार झाला, पर मालकांनी कधी — न्हाय, माणूस वाईट न्हवतं. रागीट हुतं, पर वाईट न्हवतं. — तर म्या दादासोला म्हणलं, “बोललं आसतील की. तुझ्या ध्यानात न्हसंल.” त्यानं मशीन बंद केलं. मंग कॅसेट काढून माझ्या हातात दिली आन् म्हणला, “व्हय आई. बोलले असतील.”

तवापास्नं तितं जेवायला बसले की तीच लावायची, हितं आल्यावरबी लावायची म्हणून पिन खोचली — काय न्हाय. एकटीला जेवाण जात न्हाय, कायतरी आवाज असला की बरं, एवढंच.

निघाली? दाव. फीत वितळली तर न्हाय कुठं? — तुझ्या मशीनवर लावून बघतोस? नको. — बरं, लाव, पर बारीक आवाजात, बाहीर गिऱ्हाईक हाय. हां. ह्यो बघ खोकला. ह्यो मी हाय बरं का, मालक न्हवं. फसलास न्हवं? ही कालवड. ह्या शेवया. हस की, हसायचंच हाय ते. आता मी काय बोलू — तेबी मीच. आता परत खोक —

बास. चालतीया, कळलं. बंद कर. — पुढं काय न्हाय, पुढं कोरी हाय. बंद कर म्हणते ना.