देशमुखीणबाईंच्या हिरड्या

नाही, पण मी म्हणतो, मांजरीच्या हिरडीला चिमूटभर औषध लावायला असं काय लागतं हो? बोट लागतं. एक बोट! आणि दीडशे उंबऱ्यांच्या या गावात मला पाच दिवसांकरिता एक बोट मिळालं नाही… हसू नका, तुम्हाला सांगतो, नातवाचं बारसं बुडालं माझं त्यापायी!

मांजर माझी नव्हेच. सुंदरराव देशमुखांची. बारा वर्षं तिनं त्यांच्या बळदातली ज्वारी उंदरांपासून राखली, आणि दात पडले, हिरड्या सुजल्या, तशी त्यांचा गडी म्हाळू तिला पोत्यात घालून निघालेला. म्हटलं, "म्हाळू, कावून रे?" तर म्हणतो, "मालक म्हनले, शिवंच्या पल्याड सोड. घरात मेली तर? मांजराचं पाप लई वाईट, आबा!" म्हणजे बघा, घरात मेली तर देशमुखांना पाप, आणि शिवेपलीकडे कोल्ह्यानं खाल्ली तर… ते कोल्ह्यानं बघून घ्यावं! आता मी एकटा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झाली, लोकांची पत्रं आणि तहसिलीचे उर्दू अर्ज लिहून पोट भरतो, मला काय पडलं होतं? पण पोत्यात ती ओरडतसुद्धा नव्हती हो. गप बसलेली. आणली घरी. गावानं लगेच नाव ठेवलं, देशमुखीण!

मग मांजरसुंब्याला हकीमसाहेब आले होते, त्यांना दाखवली. त्यांनी तिचा जबडा उघडला आणि म्हणाले, "दातां गए आबा, भूक नै गई! माजूफळ कुटके घी में मिलाव, सुबह-शाम लगाव. नागा नक्को!" झालं. लावलं की बाई दुधात कुस्करलेली भाकरी चाटूनपुसून खातात. एक दिवस चुकला की हिरड्या टम्म, दुसऱ्या दिवशी वाटीकडे बघून नुसती लाळ गळते, घास जात नाही. एवढंच दुखणं! बाकी तब्येत माझ्याहून बरी.

आणि अशात कडा गावाहून, लेकीच्या सासरहून सांगावा आला. माझी एकुलती एक लेक कौशल्या. लग्नाला नऊ वर्षं, आणि आता मुलगा! आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच. "आबा, तुमी आल्याबगर बाळाला पाळन्यात घालनार न्हाई." बैलगाडीनं जायला दोन दिवस, यायला दोन, एक तिथला. मांजर बरोबर न्या म्हणाल… व्याह्याच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीत, लाळ गाळणारी मांजर? तुम्ही नेऊन बघा एकदा!

शेजारच्या सारजाबाईला विचारलं. "दूध ठिवीन, भाकर कुस्करीन, पर औषिध न्हाई. माझ्या हातून मेली बिली तर? मांजराचं पाप लई वाईट, आबा!" अहो, पण औषध नाही लावलं तर उपाशी मरेल! "मंग ते तिचं नशीब." घ्या! लावून मेली तर तुमचं पाप, न लावता मेली तर तिचं नशीब! पलीकडच्या आसारामनं तर बोटंच पाठीमागं लपवली. "काशीला सोन्याची मांजर द्यावी लागती म्हनं. तुमी देनार का?" जोशीबुवांकडे गेलो, म्हटलं शिकलेला माणूस. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, "लावू नये" म्हणाले आणि आंघोळीला गेले. भर दुपारी! सकाळची झालेली असताना!

शेवटी सुंदररावांच्या ओट्यावर. "मालक, बारा वर्षं तिनं तुमचं धान्य राखलं…" "आता आमचा तिचा संबंध न्हाई. शिव वलांडली तिनं." ओलांडली! जशी काही आपल्या पायांनी गेली! म्हाळू मागून हळूच म्हणाला, "मी लावतो, आबा." तर सुंदरराव कडाडले, "म्हाळ्या, त्या बोटानं मग माझ्या बळदाला शिवायचं न्हाई बे!" म्हाळू खराटा उचलून अंगण झाडायला गेला. त्याला काय बोलू? घरी खाणारी पाच तोंडं त्याची.

नाही गेलो. बाराव्या दिवशी, तिकडे पाळणा हलायचा त्या वेळेला, मी इथं भिंतीला टेकून देशमुखीणबाईंच्या हिरड्या चोळत होतो. आणि पत्रात काय लिहायचं हो? साऱ्या गावाची पत्रं लिहितो मी, हे एक सुचेना. "मांजरीच्या हिरड्या सुजतात, सबब येणे होत नाही"? लिहिलं, ताप आला.

तर आठ दिवसांनी व्याही राधाकिशन समाचाराला दारात! आणि मी ठणठणीत, मांडीवर मांजर, बोट तिच्या तोंडात… त्यांनी पागोटं काढून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "पोरगी दिस मावळस्तोवर वाटंकडं बघत व्हती, इवाई. मंग शेजारच्या म्हाताऱ्यानं घातलं बाळाला पाळन्यात." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

त्यात गाडीच्या हिसक्यांनी त्यांची दाढ उठलेली, गाल हा एवढा! गावात बातमी पोचायला किती वेळ? सारजाबाई लवंग कुटून घेऊन आली, आसाराम हिंग घेऊन आला, जोशीबुवा सोवळं बाजूला ठेवून कसलीशी राखुंडी घेऊन आले, आणि तिघांची बोटं एकदम पाव्हण्याच्या तोंडात! मी बघतोच आहे. म्हटलं, "सारजाबाई, अहो, या औषधानं पाव्हणे मेले बिले तर?"

तर ती बोट न काढता म्हणते, "आवो, मान्साचं कुटं पाप लागतंय, आबा!"