सायबाचा हिस्सा

तुम्ही नोकरीवाले पेन्शनीच्या गोष्टी करून राहिले, म्हणून माही बी आयका. मी आसगावचा शिंपी. एकडाव शेजारचे गुरुजी माह्या दुकानात सांगून राहिले होते, "माह्या पगारातून जेवढे कटते, त्याच्यावर सरकार बी आपला हिस्सा टाकते."

मी मशीन थांबवली अन् बायकोले म्हणलो, "आयकलं का कमल? माह्यासाठी कोण टाकते? मले ना सायब, ना सरकार."

ती काजं-बटनं करत बसली होती. हासली अन् म्हणे, "पयले तुम्ही तं टाका."

मंग पोस्टात खातं काढलं. महिन्याचे पाचशे. ती जेवताना दर महिन्याले विचारे, "भरले का?" लग्नसराईत भरले बी. पण धानाच्या रोवण्याच्या दिवसात कोण कपडे शिवाले टाकते? तवा नाई जमलं. पण बायकोले कसं सांगावं? "भरले ना! काहून विचारतं?" असं तिच्यावरच डाफरो.

मागच्या साली कमल गेली. तेरवी झाल्यावर पोरीनं तिची पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत तिच्या नावाचं पोस्टाचं पासबुक होतं. पोरगी म्हणे, "बाबा, रोवण्या-कापणीच्या मजुरीतून भरे आई. म्हणे, तुह्या बाबाले सायब नाई, तं त्याईच्या बरोबरीनं मीच टाकतो."

मी दोन्ही पासबुकं बाजूबाजूले ठेवून पाहिली. माह्यात ठिकठिकाणी खाडे. तिच्यात एक बी महिना सुटला नव्हता. ज्या महिन्यात मी खोटंच "भरले" म्हणलो, त्या महिन्याचे बी तिनं भरले होते. माह्या शब्दावर.